वर्गातलं गणित सोवळ्यात कसं ठेवाल?

गणिताच्या शिक्षकांनो, सावध असा. पोरं शाळेत येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात थोडं गणित आधीच शिरलेलं असतं, अशी अफवा ब्राझीलच्या उबिरातान डि'अम्ब्रोसिओ यांनी 1970 च्या दशकात उठवली आणि तिला 'एथ्नोमॅथेमॅटिक्स' असं भारदस्त नावही दिलं. कोळी, सुतार, विणकर, फेरीवाले यांचंही एक गणित असतं म्हणे. असेल! पण त्यांनी वहीला समास आखला होता का?

याच ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात काय झालं बघा. रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारले, मग तशीच गणितं कागदावर घातली. 1985 साली निकाल छापून आला: रस्त्यावर 98 टक्के उत्तरं बरोबर, कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत 37 टक्के. एका बारा वर्षांच्या पोराकडे चार नारळ मागितले, नग 35 ला. तो म्हणाला, तिनाचे 105, वर 30 म्हणजे 135... 140. मग त्यालाच कागदावर 35 × 4 दिलं. आता मात्र त्याने शाळेची अब्रू राखली: चार पंचे वीस, हातचे दोन, दोन नि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर 200!

तुम्ही इथे डगमगू नका. 200 ला स्टेपचे मार्क द्या, 140 ला भोपळा. तोंडी उत्तराला कुठल्या आल्यात स्टेप्स? त्याने चार नारळांचे तीन आणि एक असे भाग पाडले, म्हणजे वितरणाचा नियमच वापरला, हे चुकूनही त्याला सांगू नका. तो नियम पुढल्या इयत्तेत अ(ब + क) होऊन येणार आहे. तेव्हा पोरगं नीट घाबरलं पाहिजे. (त्याची रीत मोठ्या आकड्यांना दमते हे खरंच आहे, पण ती कुठे दमते हे त्याच्यासोबत शोधायला बसलात तर तास सत्कारणी लागेल, आणि पोर्शन कोण संपवणार?)

बोटं मोजणारा दिसला की झापाच. पापुआ न्यू गिनीतले ओक्सापमिन लोक एका हाताच्या अंगठ्यापासून मोजत दंडावरून चेहऱ्यावर चढतात, नाकावर 14 येतो, आणि पलीकडच्या करंगळीवर 27. वर्गात असं कोणी नाकाला हात लावला तर त्याला बाहेर उभं करायचं.

आता वरून फतवा आलाच की संस्कृती आणि गणित यांचा मेळ घाला, तर घाबरू नका, एक दिवस साजरा करा. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांच्या क्विपूचं, म्हणजे गाठी मारून आकडे नोंदवायच्या दोऱ्यांचं, चित्र भिंतीवर लावा, मुलांकडून दोऱ्या रंगवून घ्या, फोटो काढून वर पाठवा. फक्त गाठी वाचायला देऊ नका. एकक, दशक, शतक यांच्या जागा दोरीवर ठरलेल्या असतात आणि शून्याच्या ठिकाणी दोरी नुसती मोकळी सोडलेली असते, हे एखाद्या पोराच्या लक्षात आलं तर ते स्थानिक किमतीबद्दल प्रश्न विचारत सुटेल. त्या प्रश्नांना पुस्तकाच्या मागे उत्तरं नसतात.

आणि हो, परीक्षेत या विषयावर एक प्रश्न हवाच. गाळलेली जागा भरा: एथ्नोमॅथेमॅटिक्सचे जनक ______. एक गुण. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर अर्धा कापा.