लिनक्स उतरवून घ्या, पेन ड्राइव्ह विकत आणू नका

इंदूरच्या मराठी गटांतून सध्या लिनक्सबद्दल (विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणक प्रणाली) एक व्हॉट्सअॅप संदेश फिरतोय: 'लिनक्स नेटवरून उतरवू नका, फुकटच्या फाइलीत व्हायरस असतो. बाजारातून तयार पेन ड्राइव्ह आणा. तो लावला की विंडोज पुसलं जातं. आणि मराठीची आशा सोडा.' विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुना लॅपटॉप मोडीत काढायला निघालेली मंडळी नेमकी याच संदेशाने घाबरतात. म्हणून उत्तर देतेय.

व्हायरसचं आधी. भीती अगदीच निराधार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि एका आवृत्तीच्या लिंकमागे छेडछाड केलेली फाइल ठेवली गेली. पण अशी फाइल ओळखता येते. अधिकृत संकेतस्थळावर आयएसओ फाइलसोबत (लिनक्स ज्यात भरलेलं असतं ती फाइल) एसएचए-२५६ चा, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा, ६४ अक्षरांचा आकडा दिलेला असतो. फाइल उतरली की विंडोजमधल्याच सर्टयुटिल या कमांडने तिचा आकडा काढा आणि दोन्ही ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी ती फाइल वापरायची नाही. संकेतस्थळच घुसखोराच्या हाती गेलं तर हा आकडाही बदलता येतो, म्हणून त्यावर डिजिटल सहीसुद्धा असते. जमेल त्याने तीही तपासावी. अनोळखी माणसाने भरून दिलेल्या पेन ड्राइव्हवर काय आहे, हे नवशिक्या कशावरून ठरवणार? विकण्यात बेकायदा काही नाही, लिनक्सच्या जीपीएल परवान्यात पैसे घ्यायची मुभा आहे. पण जे मोफत आणि तपासून मिळतं, त्याला पैसे का मोजायचे?

विंडोज आपोआप पुसलं जात नाही. पुसला जातो तो तुमचा पेन ड्राइव्ह, तेव्हा त्यावरचे लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे ठेवा. मिंटला आठ जीबीचा पुरतो. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर लिहावी लागते. मग लॅपटॉप सुरू करताना एफ १२ किंवा एस्केप दाबून (कळ कंपनीगणिक बदलते) पेन ड्राइव्ह निवडा. लिनक्स तिथूनच चालू लागतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर चालतोय का, सगळं निवांत बघा. पुढे इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' निवडलंत तर मात्र सगळं जाईल, त्यामुळे बॅकअप हवाच. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

मराठीबद्दलचा दावा तर साफ खोटा. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळमांडणीने टंकता येतं. रामबागेतले आमचे शेजारी काका गणेशोत्सवाची पत्रिका लिबर ऑफिस या लिनक्सवरच्या लेखन-प्रोग्राममध्येच करतात, जोडाक्षरांसकट.

एक अडचण मात्र खरी आहे. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. दुकानाचा हिशेब त्यावर असेल, तर त्या मशीनवर विंडोज राहू द्या आणि लिनक्स घरच्या दुसऱ्या लॅपटॉपवर टाका.