घर सोडणं म्हणजे हरणं नव्हे
“उतारवयात राहतं घर सोडू नये” हे एका लेखात वाचलेलं मत मला पटलं नाही. लातूरचं आमचं पाच खोल्यांचं घर 1993 च्या भूकंपानंतरही आम्ही सोडलं नव्हतं. पण पुढे एका वर्षात चोरांनी दोनदा कुलूप तोडलं. दिवेलागणीनंतर हे दाराला आतून टेबल लावून बसायचे. शेवटी विकलं, दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. सासूबाईंचं पितळी घंगाळ भाचीला देताना फार रडले. पण आता रात्री सलग झोप लागते हो!

एक मात्र ध्यानात ठेवा. जुनं घर विकल्यापासून 2 वर्षांत दुसरं घेतलं तर नफ्यावरच्या करात सूट मिळते, पण नवीन घराच्या किमतीपुरतीच. लहान घराची किंमत नफ्यापेक्षा कमी असली की उरलेल्या नफ्यावर कर बसतो. सौद्याआधीच सीएला विचारा. आम्ही उशिरा विचारलं.