रोजच्या घड्याळाला ३६ मिलिमीटर पुरे

घड्याळ घ्यायला गेलं की आपण डायल बघतो, रंग बघतो, किंमत बघतो. मनगट मात्र मोजून जात नाही. काउंटरवरच्या 'जेन्ट्स' ट्रेमध्ये आज बहुतेक ४१-४२ मिमी व्यासाच्या पुढचीच घड्याळं असतात, आणि सोळा सेंटिमीटरच्या मनगटावर ती वाटी पालथी घातल्यासारखी दिसतात. शर्टाच्या कफाखाली जात नाहीत, लोकलच्या दांड्याला आपटतात, हात मागे वाकवला की चावी मनगटात रुतते. रोज वापरायचं साधं घड्याळ हवं असेल तर ३४ ते ३८ मिमी पुरतं, असं माझं ठाम मत आहे. 'जेन्ट्स' आणि 'लेडीज' या पाट्या विसरा. ३४-३५ मिमीचं घड्याळ बाईच्या हातावर जितकं शोभतं तितकंच पुरुषाच्याही.

पण नुसत्या व्यासावर जाऊ नका. पट्टा ज्या कानांत अडकतो, त्यातल्या वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतची लांबी जास्त महत्त्वाची. तिला 'लग टू लग' म्हणतात. ४० मिमीचं, पण आखूड आणि खाली वळलेल्या कानांचं घड्याळ नीट बसेल. ३८ मिमीचं, पण सरळ लांब कानांचं घड्याळ मनगटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावेल. मनगटावर, घड्याळ जिथे बसतं तिथे, फूटपट्टी आडवी ठेवा आणि वरच्या सपाट भागाची रुंदी मोजा. १६ सेंमी घेराच्या मनगटाला ती साधारण ५० मिमी भरते. दोन्ही बाजूंना दोन-चार मिमी मोकळे सोडले, तर कानांची लांबी ४२ ते ४६ मिमी हवी. ऑनलाइन मागवणार असाल तर जाड कागदाचा त्या मापाचा तुकडा कापून मनगटावर ठेवून बघा. जाडी ९ मिमीच्या आत असेल तर कफ सहज वर सरकतो. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी घड्याळं, बहुतेक ११-१२ मिमी असतात, आणि छोट्या व्यासाला ती जाडी अंगावर येते.

मोठ्या घड्याळाबद्दल एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. आतलं मशीन बऱ्याचदा तेच छोटं असतं. मोठ्या केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, ते प्लास्टिकच्या कड्यात बसवलेलं असतं, बाकी पोकळी. हे बाहेरूनही ओळखता येतं: तारखेची खिडकी डायलच्या कडेला नसून मध्याकडे सरकलेली दिसली, तर मशीन केसच्या मानाने लहान आहे असं समजा. मिनिटकाटाही बघा. त्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोहोचलं पाहिजे. आखूड काटा सत्तावीसवर आहे की अठ्ठावीसवर, हे चाळिशी लागलेल्या डोळ्यांना कळत नाही. चंदेरी डायलवर चंदेरी काटे दुकानाच्या दिव्यात सुंदर दिसतात, उन्हात गायब होतात. पांढऱ्यावर काळे किंवा काळ्यावर पांढरे, आणि निदान १२, ३, ६, ९ हे आकडे, एवढं असलं की वेळ एका नजरेत कळते.

मशीन कुठलं? रोजच्यासाठी माझा कौल सेलवरच्या घड्याळाला. क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि साधं मशीनही महिन्यात १५-२० सेकंदांपेक्षा जास्त चुकत नाही. मियोटा २०३५ हे जपानी मशीन जगभरच्या असंख्य स्वस्त घड्याळांत आहे. त्याला एसआर ६२६ एसडब्ल्यू हा सिल्व्हर ऑक्साइड सेल लागतो, तोच दुकानात ३७७ या नंबरानेही मिळतो. गडबड होते ती सेल बदलताना. त्याच मापाचा एजी४ किंवा एलआर ६२६ हा अल्कलाइन सेल स्वस्त, म्हणून तो टाकला जातो. सिल्व्हर ऑक्साइड सेल संपेपर्यंत जवळपास १.५५ व्होल्ट टिकवून धरतो. अल्कलाइनचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो, आणि संपल्यावर तो आत राहिला तर पाझरतो. हिरवट-पांढरी पूड सर्किटवर चढली की मशीनच बदलावं लागतं. म्हणून सेल टाकण्याआधी त्यावरची अक्षरं वाचून घ्या. काही मशीनमध्ये सेल संपत आला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागतो. तो बिघाड नव्हे, इशारा आहे. घड्याळ बंद पडलं तर सेल आत ठेवून कपाटात टाकू नका.

पैसे खरे कुठे जायला हवेत, तर केसच्या धातूत. घड्याळ उलटं करा. पाठीमागे 'स्टेनलेस स्टील बॅक' एवढंच लिहिलं असेल तर स्टीलचं फक्त झाकण आहे. वरची केस बहुधा पितळेची किंवा मिश्रधातूची, वर क्रोमचा मुलामा. मुंबई, कोकण, गोव्याच्या घामट हवेत हा मुलामा आधी कानांच्या आतल्या बाजूला आणि चावीखालच्या कडेला सुटतो. तिथे पिवळट ठिपके दिसतात, मग हिरवा मळ, आणि ज्यांना निकेल सोसत नाही त्यांना मनगटावर खाज. 'ऑल स्टेनलेस स्टील' असं लिहिलेलं घड्याळ थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. घामाचं भय असेल तर रेझिनची, म्हणजे टणक प्लास्टिकची, केसही उत्तम. १९८९ पासून मिळणारं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू फक्त २१ ग्रॅमचं आहे आणि कंपनी एका सेलचं आयुष्य सात वर्षं सांगते. एवढ्या कमी किमतीत इतकं प्रामाणिक घड्याळ दुसरं क्वचितच सापडेल.

काचेबद्दल थोडक्यात: ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर पडतात, पण पॉलिशने घासून जातात. मिनरल काचेवर उशिरा पडतात, पण पडले की काच बदलणं हाच उपाय. सफायर सहसा ओरखडत नाही, आपटलं तर फुटू शकतं.

पाण्याचे आकडे मात्र नीट समजून घ्या. '३० मीटर' म्हणजे तीस मीटर खोल नेता येतं असं नव्हे. हात धुताना उडालेलं पाणी, पावसाचे चार थेंब, एवढंच. रोज भांडी घासणाऱ्या, दुचाकीवरून पावसात जाणाऱ्या माणसाने ५० मीटरचं बघावं, पोहायचं असेल तर १०० मीटरचं. आणि हा आकडा नव्या घड्याळाचा असतो. झाकणाखालचं आणि चावीतलं रबरी वॉशर चार-पाच वर्षांत कडक होतं. सेल बदलताना ते वॉशर तपासायला आणि सिलिकॉन ग्रीस लावायला सांगा. झाकण नुसतं दाबून बंद केलं तर पहिल्याच पावसात काचेखाली वाफ धरते. तसं झालं तर घड्याळ तव्यावर, दिव्याखाली किंवा तांदळात ठेवू नका. त्याच दिवशी उघडून वाळवून घ्या. ओल आत राहिली तर मशीनच्या भागांवर गंज चढायला सुरुवात होते.

चावीचंच घड्याळ हवं, असं म्हणणाऱ्यांच्या मनात एचएमटी जनता असते, आणि ते मी समजू शकतो. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला एचएमटीचा घड्याळाचा कारखाना उभा राहिला, आणि जनता हे त्या घराण्याचं सर्वांत साधं रूप: साधारण ३५ मिमी, १७ ज्वेल्स (चाकांची झीज कमी करणारे खडे), हाताने चावी द्यायची. काही डायलांवर तर देवनागरी आकडे. साध्या घड्याळाचं प्रमाण कसं असावं, हे त्यात बघायला मिळतं. पण २०१६ साली सरकारने कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, आणि आज ऑनलाइन दिसणारी गुलाबी, मोरपंखी, चकचकीत डायलची 'जुनी' जनता म्हणजे बहुतेक वेळा नव्याने छापलेलं डायल आणि इकडून तिकडून जमवलेले भाग. अक्षरांच्या कडा जाड, फुगलेल्या असतील, किंवा काटे त्या मॉडेलचे नसतील, तर सोडून द्या. खात्रीचं मिळालं तर रोज एकाच वेळी चावी द्या, आणि ती घट्ट लागली की थांबा. तारखेचं कुठलंही घड्याळ असो, रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नका. त्या वेळी तारखेचे दाते अडकलेले असतात, ते मोडतात.

शेवटी पट्टा. कानांमधलं अंतर १८ किंवा २० मिमी असेल तर कुठल्याही गावात पट्टा मिळतो. खाचेचा, खास त्याच मॉडेलचा पट्टा असेल तर तो तुटला की घड्याळच पडून राहतं. चामडं जून ते सप्टेंबर काढून ठेवा आणि नायलॉन किंवा रबर लावा. बाजारातला नेहमीचा पट्टा साधारण १२० आणि ७५ मिमीच्या दोन तुकड्यांचा असतो. १५ सेंमीच्या मनगटावर त्याचं टोक पार मागे फिरतं, तेव्हा 'शॉर्ट' मापाचा मागा. आणि पट्ट्याबरोबर स्प्रिंगच्या नव्या पिनाही बदलून घ्या, कारण घड्याळ हातातून गळून पडतं ते बहुतेक वेळा गंजलेल्या पिनेमुळेच.