बॅरिकेड का सोडलं?

"तिसऱ्या गाण्याला बॅरिकेड सोडलंस? पाच तास रांगेत उभं राहून?" मैदानावरच्या कॉन्सर्टला मी बॅरिकेडची, म्हणजे स्टेजसमोरच्या लोखंडी कठड्याची जागा सोडून मागे गेलो, म्हणून ड्रमरनं हे चौथ्यांदा विचारलं. आमच्या कट्ट्यावर एकमेकांना नावानं हाक मारायची पद्धत नाही. जो जे करतो तेच त्याचं नाव. ड्रमर ड्रम वाजवतो, वकील वकिली करतो, डॉक्टरीण कानाची डॉक्टर आहे आणि दादा गेली कित्येक वर्षं मोठमोठ्या मैदानांवर साउंड लावतोय.

"सोडलं," मी म्हटलं. "आणि खरी कॉन्सर्ट मला त्यानंतरच ऐकू आली."

"मग तू फॅन नाहीस. विषय संपला."

विषय कसला संपतोय. गेट उघडलं तेव्हा ऊन डोक्यावर होतं. धावत जाऊन पहिल्या रांगेत जागा धरली. बॅरिकेडचं लोखंड इतकं तापलेलं की हात टेकवता येईना, म्हणून टीशर्टची बाही ओढून तिच्यावर कोपर ठेवून उभा राहिलो. दिवस कलला तशी मागून गर्दी दाटत गेली. दिवे गेले, बँड आला आणि पहिल्या ठोक्यालाच किक ड्रम, पायानं वाजवायचा तो मोठा ड्रम, थेट बरगड्यांत घुसला. तो क्षण मी कुणाला द्यायला तयार नाही, हे ड्रमरलाही सांगितलं. पण गायकाचा आवाज? त्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, तोंड उघडंमिट होताना दिसत होतं, शब्द मात्र पोचत नव्हते. मला गाणं तोंडपाठ, त्यामुळे मनच रिकाम्या जागा भरत होतं. तिसऱ्या गाण्यात माझं एकदम लक्ष गेलं की मी समोरचं गाणं ऐकतच नाहीये, आठवतोय.

"बरोबर आहे त्याचं," दादा म्हणाला. "मेन स्पीकरच्या माळा दोन्ही बाजूंना उंच टांगलेल्या असतात, तोंड मागच्या गर्दीकडे. पहिली रांग त्यांच्या खाली, आतल्या बाजूला येते. तिथे तुला मिळतो स्टेजवरच्या अँपचा आणि ड्रमचा थेट आवाज, शिवाय समोर जमिनीवर ठेवलेले सब, म्हणजे खर्जाचे स्पीकर. गायकासाठी स्टेजच्या काठावर लहान स्पीकर लावतो आम्ही, पण बाकीच्या दणदणाटापुढे ते किती पुरणार?"

"दादा, तू पण त्याच्याच बाजूनं?"

"बाजू कसली? आवाज कुठे जातो ते सांगतोय."

गर्दीतून उलटं निघायला एक अख्खं गाणं गेलं. कन्सोलच्या, म्हणजे सगळा आवाज जिथून जुळवतात त्या यंत्राच्या मंडपामागे येऊन उभा राहिलो आणि सगळं जागच्या जागी बसलं. दोन गिटार वेगवेगळ्या ऐकू आल्या. इतकी वर्षं रेकॉर्डिंग ऐकूनही बेसची जी एक उतरती ओळ माझ्या कानातून निसटली होती, ती तिथे सापडली. आणि मला तो साउंड इंजिनियर दिसला. आमच्यात चार हातांचं अंतर असेल. त्याचा उजव्या हाताचा अंगठा एकाच फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्टीवर, डोळे स्टेजवर आणि ओठांवर गाण्याचे शब्द. गायक वरच्या पट्टीत किंचाळायचा त्याच्या निमिषभर आधी अंगठा केसभर खाली यायचा. सोलो सुरू होताना करंगळी गिटारला वर न्यायची आणि सोलो संपता संपता तितकीच अलगद खाली आणायची. त्या माणसाला एकेक श्वास पाठ होता. स्टेजवर पाच जण वाजवत होते, माझ्या लेखी तो सहावा.

यावर ड्रमर जरा वेळ गप्प राहिला आणि मग त्यानं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमचा विषय काढला. "१५ ऑगस्ट १९६५. बीटल्स. ५५ हजारांवर माणसं. गायकांचा आवाज कशातून, तर स्टेडियममध्ये घोषणा करायच्या लाउडस्पीकरमधून! किंकाळ्यांत कुणाला धड काही ऐकू आलं नाही, स्टेजवर त्यांचं त्यांनाही नाही. तिथे गेलेल्यांपैकी कुणी म्हणेल का, की आमची रात्र वाया गेली? ऐकायला घर आहे, हेडफोन आहेत. मैदानावर आपण त्यांच्यासमोर उभं राहायला जातो."

"आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६ नंतर, बीटल्सनी दौरे बंद केले," मी म्हटलं. "आपण काय वाजवतोय ते कुणी ऐकतच नाही, याचा त्यांना वीट आला होता, हे त्यातलं एक कारण. जो माणूस जीव ओतून वाजवतो त्याला ऐकलं जाण्याचा हक्क नाही का?"

हे मला फार मनापासून वाटतं. शेवटच्या माणसापर्यंत गाणं धड पोचावं यासाठी लोकांनी काय काय खटपट केली आहे! दादानं वॉटकिन्स ग्लेनची गोष्ट सांगितली. २८ जुलै १९७३, न्यूयॉर्क राज्यातला मोटारशर्यतींचा ट्रॅक, ग्रेटफुल डेड, ऑलमन ब्रदर्स बँड आणि द बँड असे तीन बँड, समोर सहा लाखांच्या आसपास माणसं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ. गर्दीत मागे उभारलेल्या स्पीकरच्या टॉवरमधून तोच आवाज तारेनं लगेच वाजवला तर मागच्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येणार. म्हणून तिथे डिजिटल यंत्रांनी टॉवरचा आवाज मुद्दाम रोखून, स्टेजचा आवाज पोचेल त्या सुमाराला सोडला. "आजही आम्ही हेच करतो," दादा म्हणाला. "टॉवरचा आवाज कणभर उशिराच ठेवायचा, म्हणजे शेजारच्या खांबातून आला तरी कान म्हणतो, स्टेजवरून आला."

वकील इतका वेळ गप्प होता. त्याचा मुद्दा वेगळाच निघाला. "३० जून २००० ला डेन्मार्कमध्ये रॉस्किल्डच्या महोत्सवात पर्ल जॅम या बँडचं गाणं चालू असताना पुढच्या गर्दीत नऊ जण चेंगरून गेले. छाती दाबली जातेय असं वाटल्यावर जो बाहेर पडतो, त्याला फॅन नाही म्हणू नका रे." माझ्या शेजारच्या मुलीला दुसऱ्याच गाण्यात बॅरिकेडवरून उचलून बाहेर काढावं लागलं होतं. ओठ पांढरे पडलेले, तरी ती मान वळवून स्टेजकडेच बघत होती. हे सांगितल्यावर ड्रमरही नरमला. त्या विषयावर आमच्यात वाद नाही.

डॉक्टरीण म्हणाली, "कानाचं काय?" ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलचीच कमाल मर्यादा सुचवली. "दुसऱ्या दिवशी कान वाजले म्हणजे मजा आली, असं समजता तुम्ही. तो कानातल्या पेशींना झालेला मार असतो. प्लग घालत जा." ड्रमर स्वतः प्लग घालूनच वाजवतो, तिथे त्याला बोलायला जागा नव्हती.

मला आणखी एक गोष्ट सांगायची होती. दुपारचा पहिला बँड पातळ, उडाल्यासारखा वाजत होता. सूर्य गेल्यावर त्याच स्पीकरमधून भरीव आवाज यायला लागला. दादा म्हणाला, त्यात हवेचाही हात असतो. उन्हात जमिनीलगतची हवा तापते आणि आवाज वर वाकून निघून जातो. रात्री जमीन निवली की तो खाली वाकतो, लांबवर जातो. उन्हाळ्यातली ती रात्र स्वतःच गाण्याला आपल्याकडे झुकवत होती, हे कळल्यापासून मला ती आणखी जवळची वाटते.

"शेवटच्या गाण्याचं सांग," ड्रमर म्हणाला. त्याला कुठे बोट ठेवायचं ते बरोबर माहीत होतं.

शेवटच्या गाण्यात बँड थांबला आणि ध्रुवपद लोकांवर सोडलं. आम्ही मागे गात होतो आणि पुढच्यांचं गाणं आमच्यापर्यंत उशिरा येत होतं. एकच ओळ दोनदा, पुढची आणि आमची, एकमेकींवर चढलेली.

"स्टेजवर याहून वाईट," ड्रमर म्हणाला. "सत्तर मीटरवरच्या टाळीपर्यंत माझा ठोका पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा, ती टाळी परत यायला तितकाच. मिनिटाला १२० च्या लयीत लोक जवळजवळ अख्खी मात्रा मागे पडतात. त्यांच्याबरोबर जावंसं वाटतं आणि जाता येत नाही. म्हणून मी पहिल्या रांगेकडे बघतो. तिथलीच तेवढी तोंडं माझ्याबरोबर हलत असतात. कानात लय दाखवणारी क्लिक, ती टिकटिक, चालू असते, पण धीर देतात ती तोंडं. म्हणून तुला विचारत होतो, का सोडलंस."

हे त्यानं आधी कधी सांगितलं नव्हतं. मी त्याला खरं ते सांगितलं: त्या ध्रुवपदाला मी कन्सोल सोडून पुढे निघालो होतो. मैदानाच्या मधोमध पोचेपर्यंत गाणं संपलं.

"पुढच्या वेळी?"

"पहिली तीन गाणी तुझ्याबरोबर. मग मागे."

"आणि शेवटचं?"

"त्याच्या दोन गाणी आधी निघेन," मी म्हटलं. "तू शेजारची जागा धरून ठेव."