लेकराची भूक आणि मोठ्यांचा मुहूर्त

कारंजा-मूर्तिजापूर रस्त्यावरच्या आमच्या फाट्यावर, पानठेल्यासमोरच्या निंबाच्या पारावर, शेतातली कामे आटोपली की आमची बैठक बसते. त्या संध्याकाळी वाद पेटला तो शिदोरीवरून. कृषी केंद्र चालवणारा आमचा मित्र अकरा महिन्यांच्या मुलाचे जावळ काढायला कुटुंबासह शेगावला जाऊन आला होता, सोबत साडेतीन वर्षांची मुलगीही होती. आणि परत आल्यावर त्याने जाहीर केले की यापुढे लहान लेकरे घेऊन निघताना घरून काहीही बांधून न्यायचे नाही, वाटेत जे मिळेल ते घ्यायचे आणि मोकळे व्हायचे. त्याची बायको पहाटे चारला उठून दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करत बसली, गाडीत मुलीने त्यांना हात लावला नाही, सगळा दिवस बिस्किटांवर काढला, आणि भरलेला डबा तसाच्या तसा घरी आला, एवढी त्याची तक्रार होती.

निवृत्त गुरुजींना हे मान्य होणे शक्यच नव्हते. त्यांचे म्हणणे असे की शिदोरी म्हणजे नुसते जेवण नव्हे, ती घरच्या माणसांनी घेतलेली हमी असते. कोणत्या तेलात तळले, कोणत्या पाण्यात भिजवले, हे आपल्याला ठाऊक असते, आणि पोटाने नाजूक असलेल्या लेकरासाठी याहून मोठी गोष्ट दुसरी नाही. दशमीचे त्यांनी केलेले समर्थन तर ऐकण्यासारखे होते. पाण्याऐवजी दुधात पीठ मळले की दशमी मऊ राहते, साध्या पोळीपेक्षा जास्त टिकते आणि दात नीट न आलेल्या पोरालाही चघळता येते. जोडीला गुळाचा खडा असला की भाजीची गरज पडत नाही.

यात मी एक भर घातली, कारण मित्राचा डबा परत का आला याचे निम्मे कारण मला त्यातच दिसत होते. आमच्या घरी तव्यावरून उतरलेली दशमी आधी सुती फडक्यावर एकेक करून पसरतात, तिची वाफ पूर्ण निघून जाऊ देतात आणि मगच एकावर एक रचून कोरड्या फडक्यात बांधतात. घाईघाईत गरम दशमी स्टीलच्या डब्यात कोंबून झाकण लावले की आतून घाम सुटतो, खालच्या दोन-तीन ओल्या होतात, कडा चिकट लागतात आणि मे महिन्यात तर दुपारपर्यंत आंबूस वास येऊ लागतो. त्या मुलीने नाक मुरडले असेल तर ते लाडामुळे नव्हे, असे मी म्हणालो. मित्राने डबा पहाटे पाचला भरला होता आणि उघडला होता दुपारी दीड वाजता, हे त्यानेच मग सांगितले.

“पण काहून एवढं करायचं?” हा त्याचा प्रश्न मात्र कायम होता. शेगावच्या स्टेशनवर गरम कचोरी मिळते, संस्थानात महाप्रसाद मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत, मग घरातल्या एका बाईची झोप कशासाठी मोडायची? या प्रश्नाला पारावरच्या कोणाकडेच तत्काळ उत्तर नव्हते, कारण शिदोरीची थोरवी सांगणाऱ्या आम्हा पुरुषांपैकी कोणीही आयुष्यात पहाटे चारला पीठ मळलेले नाही. गुरुजींनीही त्यावर चष्मा पुसण्यापलीकडे काही केले नाही.

कचोरीचे म्हणाल तर तिच्यात मुगाच्या डाळीचे मसालेदार सारण असते आणि सोबत तळलेली हिरवी मिरची देतात. मोठ्या माणसाला ती कितीही प्रिय असली तरी साडेतीन वर्षांच्या जिभेला ती झेपणारी नाही. मित्राच्या मुलीने वरचा पापुद्रा तेवढा खुरडून खाल्ला आणि सारण आईच्या तळहातावर ठेवले. आईने ते खाल्ले. लेकराने टाकलेले आईने खायचे हा आमच्या प्रत्येक प्रवासातला न सांगितलेला नियम आहे, आणि गुरुजींनी त्याला लगेच आधारही काढला: गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावी प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना, तेव्हा अन्नाचा कण वाया जाऊ न देणे हीच खरी सेवा. त्यावर मित्र म्हणाला की महाराजांनी स्वतः वेचून खाल्ले, बायकोला खायला लावले नाही. हा टोला बरोबर बसला असे माझे मत आहे.

एसटीत वाहक असलेला आमचा सोबती एवढा वेळ ऐकत होता. त्याने हिशेब वेगळा मांडला. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धे, आणि मार्च 2023 पासून बायांनाही अर्धेच भाडे लागते; त्यामुळे लहान लेकरे घेऊन निघणाऱ्या बायांची गर्दी त्याच्या गाडीत पूर्वीपेक्षा वाढली आहे आणि रोज कोणते ना कोणते लेकरू कसे खाते हे तो पाहतो. त्याचा अनुभव असा की गाडी लागण्याचे कारण अन्न घरचे की बाहेरचे हे क्वचितच असते. ‘वाटेत काही मिळणार नाही’ या धास्तीने निघताना लेकराला पोट तट्ट होईस्तोवर जेवू घालतात, वरून दूध पाजतात, आणि पहिल्या अर्ध्या तासातच ते सगळे खिडकीबाहेर जाते. त्यानंतर घाबरून पुढचे चार तास काहीच देत नाहीत. निघताना थोडे, कोरडे आणि तेलकट नसलेले द्यावे, पुढची खिडकी गाठावी आणि पोराला मोबाईल पाहू देऊ नये, हे तो प्रवाशांना सांगत असतो, पण वाहकाचे ऐकतो कोण, असेही तोच म्हणाला.

ठेल्याला लागून असलेल्या दुकानात किराणा घ्यायला आलेल्या अंगणवाडीच्या ताई तिथेच थांबल्या होत्या. वादाला खरे वळण त्यांनी दिले. शिदोरी की हॉटेल हा प्रश्नच त्यांना दुय्यम वाटत होता. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, त्यामुळे त्या वयाच्या बाळाची शिदोरी आईजवळच असते, आणि बऱ्याच बसस्थानकांवर हिरकणी कक्ष असतो तो उघडून मागावा, लाजू नये. त्यापुढच्या लेकराचे पोट लहान असते. नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा थोडे काही, एवढे त्याला लागतेच, मग घरी असो की गाडीत. मोठा माणूस सकाळी तर्री पोहे खाऊन थेट दुपारी तीनला जेवू शकतो, लेकराला ते जमत नाही, आणि मग ते किरकिर करते तेव्हा त्याला हट्टी ठरवून बिस्किटाचा पुडा हाती देतात. कुस्करलेले केळे, मऊ भात, दशमीचा तुकडा, काहीही चालेल, पण वेळेवर. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. प्रसादाचे फुटाणे आणि अख्खे शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण धावत्या गाडीत ठसका लागून दाणा श्वासनळीत जाऊ शकतो. हे ऐकून मित्र थोडा गंभीर झाला. उन्हाळ्यात जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण त्यांनी पाठ असल्यासारखे सांगितले, आणि मीठ अंदाजाने टाकू नका, असे दोनदा बजावले.

पानठेल्याच्या मालकाने मध्येच एक जुना मुद्दा काढला, की एवढ्या लहान पोरांना काही आठवत नाही तर त्यांना न्यायचेच कशाला. त्यावर फार वेळ घालवण्यासारखे काही नव्हते. ज्या घरात पोर सांभाळायला दुसरे कोणी नाही, तिथे न्यायचे की नाही हा पर्यायच नसतो.

ताईंचे म्हणणे पटल्यापासून मला आमचे सगळे प्रवास निराळे दिसू लागले. आम्ही गावाकडची माणसे लहान लेकरे घेऊन निघतो ती फिरायला फारशी निघत नाही. चिखलदऱ्याला जाऊन गार हवा खावी आणि लेकरू झोपले तर आपणही थांबावे, असा प्रवास आमच्या वाट्याला क्वचित येतो. आमचे प्रवास असतात लग्नाचे, जावळाचे, नवसाचे, तेराव्याचे. म्हणजे वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असते आणि लेकराची भूक त्या वेळेच्या दावणीला बांधलेली असते. दर्शनाची रांग लांबली म्हणून डबा दीड वाजता उघडला गेला. रांगेत उभ्याउभ्या अकरा वाजता अर्धी दशमी दिली असती तर कदाचित ती परतही आली नसती, पण रांगेत खाल्ले तर लोक काय म्हणतील या संकोचाने पिशवी बंदच राहिली.

आणि आमच्याकडची वैशाखातली लग्ने तर विचारूच नयेत. अकोल्याकडे पारा 45 अंशांच्या घरात, नवरदेवाची वरात बॅंडसमोर नाचण्यात अडकलेली, अक्षता पडेपर्यंत चूल पेटलेली असूनही पंगत बसत नाही, आणि मांडवाच्या कडेला भुकेने पेंगुळलेली लेकरे मामाने दिलेली कुल्फी चोखत बसलेली. मी हे बोललो तेव्हा सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिले, कारण पुढच्याच महिन्यात त्यांच्या पुतणीचे लग्न होते आणि मांडवातले शेवटचे शब्द त्यांचेच असणार होते.

लेकरांची पंगत लग्नाआधी बसवावी, अशी ताईंनी त्यांना सरळ सूचना केली. गुरुजी बराच वेळ आढेवेढे घेत राहिले. आधी म्हणाले, वऱ्हाडी मंडळी उपाशी असताना आपलीच पोरे जेवली तर व्याही नाराज होतील. वाहक म्हणाला की वऱ्हाडातही पोरे असतात, त्यांनाही त्याच पंगतीत बसवा. मग म्हणाले, आचारी ऐकणार नाही; मित्र म्हणाला की आचाऱ्याला वरण-भात वेगळा लावायला सांगणे त्याच्याकडे लागले. अखेर सकाळी अकराला लहान मुलांसाठी फिके वरण-भात आणि एक गोड, त्यांच्या आयांसह, एवढे गुरुजींनी कबूल केले. मुहूर्त मात्र 12 वाजून 35 मिनिटांचाच राहील आणि वरात तो पाळेल याची जबाबदारी आपण घेत नाही, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले.