मामा, लाळ आणि 109 मायक्रोआरएनए

पाळीच्या रजेवरून आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा जुंपली आहे. डिसेंबर 2023 मध्ये स्मृती इराणी राज्यसभेत म्हणाल्या होत्या की पाळी म्हणजे काही अपंगत्व नव्हे. मामांनी तेच पुन्हा फिरवलं आणि खाली स्वतःची भर घातली: "आमच्या आईने सात बाळंतपणं काढली, कधी कुरकुर नाही. हल्लीच्या मुलींची नाटकं!" आजीला कुणी विचारलं होतं का, ते राहू दे.

मी फ्रान्समध्ये लिऑंला राहते. इथल्याच झिविग कंपनीची चाचणी बाईच्या लाळेतले 109 मायक्रोआरएनए वाचून एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, ओळखते. प्रथिनं न बनवणारे हे आरएनए जेमतेम 22 अक्षरांचे, पण कुठल्या जनुकाला कधी गप्प बसवायचं हे तेच ठरवतात. मायक्रोआरएनएंमधलं 200 क्रमांकाचं कुटुंब एरवी झेब1 नावाच्या जनुकाला दाबून ठेवतं, म्हणून पेशी एकमेकींना धरून राहतात. या आजाराच्या गाठींत ते कमी पडतं. मग पेशी सुटतात, सरकतात, बीजांडकोशावर नाहीतर आतड्यावर घुसून बसतात. एच19 नावाचा लांबलचक आरएनए लेट-7 या दुसऱ्या मायक्रोआरएनएला स्पंजासारखा शोषून घेतो. रुग्णांच्या गर्भाशयाच्या अस्तरात तोही कमी, त्यामुळे लेट-7 मोकाट सुटतो आणि अस्तराच्या पेशींची वाढ मंदावते. मूल राहायला त्रास का होतो, याचा एक धागा इथे असावा.

नाटकं म्हणे.

इथेही निदानाला सरासरी सात वर्षं जातात. ही चाचणी एमआरआयवरून उलगडा झाला नाही तरच करतात, आणि फेब्रुवारी 2025 पासून सरकार खर्च उचलतं तेही ठरावीक इस्पितळांत, आणखी पुरावा जमवण्यासाठी. पण ग्रुपवर मामांना चाचणीचं सांगताना हे कोण लिहितं?

मामांचं उत्तर आलं, "तुझं सगळं सरकार भरतं, आम्हाला काय शिकवतेस?" लागलं. कारण बीड आठवलं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना पाळीत काम बुडालं की खाडा पडतो, उचल फिटत नाही. 2019 मध्ये सरकारी समितीने 82 हजारांवर बायकांची पाहणी केली, तर 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांच्या लाळेची नळी कोण लिऑंला पाठवणार? माझ्या कार्त व्हितालचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाचा, मला तेवढ्यापुरता ओशाळा अभिमान वाटतो.

बरं, इथली तरी मी कुठे आहे? परवा कॅन्टीनमध्ये एक सहकारी म्हणाली, तुमच्याकडे पाळीत बायकांना वेगळं बसवतात ना? आमच्या घरी बसवायचेच. तरी मी फाडकन म्हणाले, बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस रजा आहे, तुमच्या देशात अजून कायदा नाही. ती गप्प झाली. बिहारचं मी घरच्या ग्रुपवर मात्र टाकणार नाही. मामा लगेच म्हणतील, बघ, आपल्याकडे सगळं आधीपासून आहे.