चार घरांची आई

पिठोरी अमावास्येला मातृदिन असतो. त्याच दिवशी पोळा आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात तान्हा पोळा. म्हणजे आदल्या दिवशी आईचं कौतुक आणि दुसऱ्याच दिवशी तिची तोंडी परीक्षा.

ज्यांनी हा सण पाहिला नाही त्यांना सांगते. लहान पोरं धोतर-फेटा बांधून, चाकं लावलेला लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघर जातात. घरातली बाई बैलाची पूजा करते, पोराच्या हातावर बोजारा ठेवते. कुठे दहाची नोट, कुठे चॉकलेट. बैल बोलत नाही, पोरगं लाजतं. मग उंबऱ्यात उभं राहून बोलायचं कोणी?

पहिल्या घरी मी फर्मास बोलते. दुसऱ्या घरीही. तिसऱ्या घरी "हो ना, किती लवकर मोठा झाला" हेच वाक्य पुन्हा बाहेर पडतं. चौथ्या घरी हसू चेहऱ्यावर असतं, पण त्याच्या मागची मी केव्हाच घरी निघून गेलेली असते. गेल्या वर्षी सातव्या घरच्या काकूंनी "काय म्हणतेस?" असं विचारलं आणि मी म्हणाले, "साडेपाच." तेव्हा सव्वासात वाजले होते.

समोरच्या ब्लॉकमधली पोराची आई तीस घरं करते. दहाव्या घरी तिला पुरणात जायफळ किती घालायचं ते कळतं, विसाव्या घरी कोणाच्या मुलीचं कुठे ठरतंय तेही. शिवाय तिच्या बैलाच्या शिंगांत दिवे लागतात. आमचा चितारओळीतून आणलेला बैल, त्याचं मागचं चाक पहिल्याच वर्षी ढिलं झालं ते झालंच. दर तान्ह्या पोळ्याला रात्री मी अंथरुणावर पडून एकच विचार करते, की देवानं हे पोर चुकीच्या पत्त्यावर पाठवलं.

यंदा बहिणीनं मोबाइलवर एक चाचणी पाठवली. खाली लिहिलं होतं, "स्वतःला ओळख. आपोआप कॉन्फिडन्स येईल." मी जेवणाच्या टेबलाशी भरायला बसले. सासूबाई शेजारी सांबार निवडत होत्या. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुणेकरांनी इडली काढू नये.)

"मोठ्या समारंभात उत्साह येतो की थकवा?" मी मोठ्यानं वाचलं.

"सैपाक कोणाकडे आहे त्याच्यावर आहे," सासूबाई म्हणाल्या.

"निर्णय डोक्यानं घेता की मनानं?"

"आजचा तं कालच्या उरलेल्या वांग्यानं घेतला."

"कामं आधी आखता की आयत्या वेळी करता?"

"आखते आधी, करते आयत्या वेळी. दोन्हीवर टिक कर, अर्धवट कायले ठेवते?"

शेवटी निकाल आला : अंतर्मुख. मला इतका आनंद झाला की काय सांगू! मी वाईट आई नाही, मी एक प्रकार आहे! सोबत चार अक्षरंही मिळाली, गाडीच्या नंबरासारखी.

हौसेनं मी या चाचण्यांचं मूळ शोधून काढलं. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज म्हणून एक बाई होत्या. त्यांच्या लेकीनं, इझाबेलनं, लग्नाचा मुलगा घरी आणला तर तो घरातल्या कोणाशीच जुळेना, म्हणजे स्वभावानं. आईला कोडं पडलं आणि ती माणसांचे प्रकार पाडत बसली. पुढे युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाचं 1921 सालचं पुस्तक तिच्या हाती लागलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लेकीनं प्रश्नावली करायला घेतली, आणि एकूण 16 प्रकार झाले. दोघीही मानसशास्त्र रीतसर शिकलेल्या नव्हत्या. हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं.

"जावई पाहून 16 खाने केले?" त्या म्हणाल्या. "सून असती तं 32 केले असते."

रात्री बहिणीशी तासभर खिदळून झाल्यावर, मजा म्हणून, तीच चाचणी पुन्हा दिली. निकाल : बहिर्मुख. झालं! मी मधोमध बसलेली बाई. अशा चाचण्यांत मधोमध जागाच नसते. केसभर इकडे झुकलात तरी इकडचे, केसभर तिकडे तर तिकडचे. सकाळी मिळालेला कॉन्फिडन्स रात्री परत गेला.

"मोबाइल कायले पाहतं?" सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या. "तू चार घरं मस्त बोलते. पाचव्या घरी तुझं शटर खाली. साखरपुड्यातच पाहिलं मी. चार मावश्यांशी गोड बोलली, पाचवीले नुसती मान हलवली."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्याच्यात? मले तं बरंच वाटलं. एका घरात दोघी बोलणाऱ्या असल्या तं ऐकन कोण?"

बारा वर्षं मी माझं गप्प बसणं पाहुण्यांपासून, सासरपासून, पोरापासून लपवत आले. आणि इथे त्याची खुर्ची आधीच मांडून ठेवलेली! मी तशीच फ्रिजला टेकून उभी राहिले. सासूबाई फुलपात्र पालथं घालून झोपायला गेल्या.

तान्ह्या पोळ्याला आम्ही तिघं निघालो. सासूबाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला होता. पहिली चार घरं माझी. मोजकीच आहेत म्हटल्यावर मी अशी काही खुलले की चौथ्या घरी बाईंना मीच थांबवून घेतलं आणि त्यांच्या पडद्यांची शिलाई विचारली. तिसऱ्या घराच्या पायरीवर बैलाचं चाक निघालं, तेही हसत खिशात टाकलं.

पाचव्या घराची बेल पोरानं स्वतः वाजवली. दार उघडताच त्यानं जाहीर केलं, "आईची चार घरं झाली. आता आजी बोलणार."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बैल उचलला आणि पायरीवर बसून चाक ठोकायला लागले. आतून सासूबाईंचा आवाज येत होता :

"माणसाचे 16 प्रकार असतात म्हणे. तुमचा कोणता?"